पाच गुंठ्यांवर घर आखताना

देवरुखजवळच्या आमच्या गावी वडिलोपार्जित घराच्या वाटण्या २०२२ साली झाल्या. जुने घर धाकट्या दिरांकडे राहिले आणि आमच्या वाट्याला रस्त्यालगतची पाच गुंठे मोकळी जागा आली. मी गावातल्याच माध्यमिक शाळेत गणित शिकवते, यजमानांच्या निवृत्तीला चार वर्षे उरली आहेत, मुलगा पुण्यात शिकतो, मुलगी नववीत आहे आणि सासूबाईंना ७८ वर्षे पूर्ण झाली आहेत. नवे घर बांधायचे हे एका संध्याकाळी चहा पिता पिता ठरले. मात्र त्या घराचा नकाशा नक्की व्हायला २०२३च्या गणपतीपासून पुढचा मे महिना उजाडला. त्या काळात आम्ही काय काय आखले, काय खोडले आणि का खोडले, तेवढेच येथे लिहिते आहे.

सगळ्यात आधी मोजणी करून घेतली आणि त्याबद्दल अजूनही समाधान वाटते. मोजणीची 'क' प्रत, म्हणजे हद्दी दाखवणारा सरकारी मोजणी नकाशा, हाती आली तेव्हा पूर्वेकडचा चिऱ्यांचा गडगा आमच्या हद्दीच्या दोन फूट आत असल्याचे कळले. शेजाऱ्यांशी बोलणे झाले, वाद झाला नाही; परंतु गडगा हीच हद्द धरून आखणी केली असती, तर सगळी मापे दोन फुटांनी चुकली असती. जागा पूर्व-पश्चिम ६० फूट आणि दक्षिणोत्तर ९० फुटांच्या आसपास आहे. रस्ता उत्तरेला, जमिनीचा उतार रस्त्याकडून मागे दक्षिणेकडे, आणि ईशान्येच्या कोपऱ्यात आजेसासऱ्यांनी खणलेली विहीर, जिला एप्रिलअखेरपर्यंत पाणी असते.

पहिले चार नकाशे आम्ही घरीच काढले. शाळेच्या आलेखवहीत एक चौकोन म्हणजे एक फूट असे प्रमाण धरले आणि प्रत्येकाला काय हवे ते विचारून खोल्या मांडत गेले. मुलाला खोली, मुलीला खोली, आम्हाला खोली, आईंना, म्हणजे सासूबाईंना, खोली, शिवाय हॉल, स्वयंपाकघर, देवघर, कोठी आणि पाहुण्यांसाठी आणखी एक. चौथ्या नकाशात क्षेत्रफळ २,२५० चौरस फुटांपर्यंत गेले आणि त्यातले १९० चौरस फूट नुसत्या बोळांचे होते, म्हणजे या खोलीतून त्या खोलीत जाण्यापलीकडे ज्या जागेचा काहीही उपयोग नाही, तिच्यासाठी आम्ही चांगल्या मोठ्या खोलीएवढा खर्च करणार होतो. गणित शिकवणाऱ्या बाईला हे चौथ्या नकाशापर्यंत दिसले नाही याची मला आजही लाज वाटते.

रत्नागिरीच्या ज्या वास्तुविशारद बाईंकडे आम्ही हे कागद घेऊन गेलो, त्यांनी ते कौतुकाने पाहिले, बाजूला ठेवले आणि दोन याद्या करून आणायला सांगितल्या. पहिली यादी नव्या घरात येणाऱ्या प्रत्येक मोठ्या वस्तूची, लांबी, रुंदी आणि उंचीसह. दुसरी यादी घरातले प्रत्येक माणूस दिवसाच्या कोणत्या वेळी कुठे असते, याची. दुसरी यादी मला पोरकट वाटली. आपण दिवसभर कुठे असतो हे काय आपल्याला माहीत नसते?

वस्तूंची यादी रविवारच्या एका दुपारी झाली. शिसवी पलंग ६ फूट ९ इंच बाय ४ फूट ६ इंच भरला. पितळी बंब, शिवणयंत्र, दोन पत्र्याच्या ट्रंका, जाते, गणपतीची चौकी आणि कड्यांचा झोपाळा. झोपाळ्याची फळी पाच फुटांची. मात्र तो रमतगमत हलायचा तर पुढेमागे मिळून निदान सात-आठ फूट मोकळे हवेत, हे टेप लावून पाहिल्यावर कळले. आमच्या नकाशातली पडवी पाच फुटांची होती. तिथे झोपाळा टांगला असता तर पाय कठड्याला आणि डोके भिंतीला लागले असते.

माणसांच्या यादीला मात्र दोन आठवडे लागले, कारण मी सुटीच्या दिवशी माजघरात वही घेऊन बसले आणि खरोखर नोंदी केल्या. आई पहाटे पाचला उठून परसात चूल पेटवतात, पाणी तापवतात, तुळशीला पाणी घालतात आणि दिवसभरात मागच्या दाराने ये-जा करतात. एका शनिवारी मी ही ये-जा मोजली, ती २३ वेळा झाली. दुपारी त्या ओटीवर बसून रस्त्यावरून कोण गेले ते पाहतात. स्वतःच्या खोलीत त्या फक्त झोपतात. मुलीने स्वतंत्र, आतून कडी लागणारी खोली मागितली होती, परंतु प्रत्यक्षात ती आजीच्या शेजारी माजघरातच अभ्यास करत होती आणि अडले की आजीला नाही, तर स्वयंपाकघरातल्या मला हाक मारत होती. यजमान घरात असले की पडवीत असतात. आणि मी? माझ्या नोंदी लेकीला करायला सांगितल्या होत्या. तिने लिहिले होते, 'आई : ओटा, टेबल, ओटा, टेबल.' मी वह्या तपासते त्या जेवणाच्या टेबलावर, कारण तिथून गॅसवरचे दूध दिसते. आमच्या चारही नकाशांत जेवणाचे टेबल स्वयंपाकघरापासून भिंतीने तोडलेले होते.

मग मी टेप घेऊन जुन्या घरात गेले. लग्न होऊन २४ वर्षे झाली, तरी त्या घराची मापे कधी घेतली नव्हती. पडवी, ओटी, माजघर, स्वयंपाकघर, मागची पडवी, परस अशी ती एकामागून एक उलगडत जाणारी रचना. टपाल घेऊन आलेला माणूस पडवीपर्यंत, ओळखीचा ओटीपर्यंत, सोयरा माजघरापर्यंत येणार, हे कोणी कोणाला सांगत नाही. त्या घरात बोळ एकही नाही. प्रत्येक जागेतून पुढच्या जागेत जाता येते आणि तरीही प्रत्येक जागेला स्वतःचे काम आहे. अर्थात ते घर आदर्श होते असे मी म्हणणार नाही. माजघराला एकच झरोका, बाळंतिणीची खोली अंधारी, न्हाणीघर घराबाहेर, आणि रात्री पावसात तिथे जाताना सुनांनी किती वर्षे काय सोसले हे जुन्या घराचे गोडवे गाणारे पुरुष सहसा सांगत नाहीत.

वास्तुविशारद बाईंनी पुढचा नकाशा सुरू केला तो खोल्यांपासून नव्हे, तर शोषखड्ड्यापासून. सेप्टिक टँकचे पाणी जमिनीत मुरवणारा शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून निदान १८ मीटर, म्हणजे ५९ फूट दूर हवा असा नियम आहे. आमच्या चौथ्या नकाशात न्हाणीघरे पूर्वेला आणि शोषखड्डा स्वयंपाकघरामागे होता; विहिरीपासूनचे अंतर मोजले तर ते जेमतेम ४५ फूट भरले. जांभ्याच्या जमिनीला भोके आणि भेगा असतात, पावसाळ्यात पाणी त्यातून कुठून कुठे जाते याचा भरवसा नसतो, तेव्हा ही चूक कागदावरच सापडली हे नशीब. विहीर ईशान्येला, उताराच्या वरच्या अंगाला. म्हणून शोषखड्डा नैऋत्येच्या कोपऱ्यात, उताराच्या खालच्या अंगाला गेला. दोघांमधले अंतर आता ८० फुटांच्या आसपास आहे. पश्चिमेच्या शेजाऱ्यांची विहीर कुठे आहे तेही पाहून घेतले. ती त्यांच्या उत्तरेच्या टोकाला निघाली, त्यामुळे अडचण आली नाही. शोषखड्डा नैऋत्येला ठरताच न्हाणीघरे पश्चिमेच्या भिंतीलगत आपोआप गेली, आणि घराचा अर्धा नकाशा तिथेच ठरला.

याच सुमारास यजमानांचे मामा वास्तुशास्त्राचे पुस्तक घेऊन आले. माझा त्या शास्त्रावर विश्वास नाही, आईंचा आहे, आणि घर आईंचेही आहे. मामांच्या मते स्वयंपाकघर आग्नेयेला, देव ईशान्येला आणि ईशान्येला शौचालय चालणारच नाही. बाईंनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "मामा, तुमचे तिन्ही मुद्दे मला मान्य आहेत, फक्त कारणे वेगळी आहेत." आमच्याकडे पावसाळी वारा पश्चिम-नैऋत्येकडून येतो, तेव्हा आग्नेयेच्या स्वयंपाकघरातला धूर घरात न शिरता बाहेर जातो आणि ओट्यावर सकाळचे ऊन येते. ईशान्येला विहीर असल्याने तिथे मैलापाण्याची नळी नकोच. मामा प्रसन्न झाले. जिन्याच्या पायऱ्या विषम असाव्यात हा त्यांचा चौथा मुद्दा मात्र पुढे निकालात निघाला, तो का ते जिन्याच्या वेळी सांगते.

पावसाचा विचार आमच्याकडे उन्हाच्या आधी करावा लागतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि तो सरळ पडत नाही. जून-जुलैत पश्चिमेची झड भिंतीला अशी लागते की जुन्या घरी दर वर्षी मे महिन्यात त्या बाजूला झावळ्यांचे झाप बांधावे लागत. ऊनही त्याच बाजूने त्रास देते. देवरुखचे अक्षांश सुमारे १७ अंश. डिसेंबरात भरदुपारीही सूर्य दक्षिणेला झुकलेला, क्षितिजापासून सुमारे ४९ अंशांवर असतो, तर जूनमध्ये तो डोक्यावरून थोडा उत्तरेला सरकतो. दक्षिणेचे ऊन वळचण पुढे काढून अडवता येते, परंतु मार्च ते मेमध्ये चार वाजताचे पश्चिमेचे ऊन तिरके थेट आत येते आणि ते कोणत्याही छज्ज्याला जुमानत नाही. म्हणून पश्चिमेला आम्ही माणसे जिथे कमी वेळ असतात त्याच गोष्टी ठेवल्या : न्हाणीघरे, जिना, कपाटांची भिंत. त्या बाजूची सगळी उघडी जागा म्हणजे उंचावरच्या तीन लहान खिडक्या.

तरीही एक अडचण उरली, आणि ती आईंच्या खोलीची. त्यांना खोली हवी होती ईशान्येला, जिथून रस्ता, विहीर आणि तुळस एकदम दिसेल. तिथे खोली दिली तर न्हाणीघर ३० फूट दूर, पश्चिमेला. रात्री दोनदा उठणाऱ्या, गुडघे दुखणाऱ्या माणसाला अंधारात माजघर ओलांडून जायला लावणे मला पटेना. आईंचे म्हणणे होते, "अगो, जुन्या घरात पावसात परसात जात होते, हे काय लांब?" तीन आठवडे हा प्रश्न तसाच पडून होता. शेवटी मी त्यांना विचारले, की तुम्हाला खोली ईशान्येला हवी आहे, की रस्ता दिसायला हवा आहे. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "रस्ता. आणि तुळस." रस्ता तर उत्तरेच्या सगळ्याच बाजूने दिसतो. खोली वायव्येला गेली, तिला लागून दक्षिणेला न्हाणीघर आले आणि तुळस नकाशात पंधरा फूट पश्चिमेला सरकवली. खोलीपुढे पडवी आली असती तर आत अंधार झाला असता, म्हणून पडवी घराच्या पूर्ण रुंदीची न ठेवता माजघरापुढे २२ फुटांचीच ठेवली आणि आईंच्या खिडकीवर नुसते तीन फुटांचे छप्पर पुढे आणले. घराचा दर्शनी भाग त्यामुळे एका अंगाला तुटल्यासारखा दिसतो, असे पुढे अनेकांनी सांगितले. दिसू दे.

त्या न्हाणीघराची मापे बाईंनी आमच्याशी वाद घालून ठरवली. आम्ही ४ फूट बाय ७ फूट धरले होते. चाकांची खुर्ची एका जागी वळवायला दीड मीटर व्यासाची मोकळी जागा लागते आणि दार ९० सेंटिमीटर मोकळे उघडावे लागते. आज आई काठीशिवाय चालतात, त्यामुळे यजमानांना हा विषयच नको होता. "अजून वेळ आली नाही," असे ते म्हणाले, आणि ती कधी आली तर भिंत पाडावी लागेल, असे बाई म्हणाल्या. न्हाणीघर ६ फूट बाय ८ फूट झाले, दार बाहेरच्या बाजूला उघडणारे झाले आणि उंबरठा गेला. पाणी बाहेर येऊ नये म्हणून आतली फरशी अर्धा इंच खाली आणि मोरीकडे उतरती ठेवायची आहे.

उताराचा हिशेबही याच बैठकीत झाला. चाकांच्या खुर्चीसाठी एक फूट चढायला बारा फूट लांबीचा उतार लागतो. रस्त्याच्या बाजूला जोते जमिनीपासून एक फूट आणि मागच्या बाजूला अडीच फूट. म्हणजे पुढे १२ फुटांचा उतार पडवीच्या कडेने सहज बसतो, मागे मात्र ३० फुटांचा लागेल, जो परसात मावणार नाही. आणि आई तर दिवसातून २३ वेळा मागच्या दारानेच जातात! पाच पायऱ्या उतरून, तितक्याच चढून. मग आम्ही उलट विचार केला. त्या मागे कशासाठी जातात, हे वहीत लिहिलेले होतेच : चूल, पाणी, धुणे, कढीलिंब, उन्हात घातलेली आमसुले, मांजर. यातल्या बहुतेक गोष्टी वर आणता येत होत्या. मागची पडवी घराच्याच पातळीवर सात फूट रुंद केली, तिच्या पूर्व टोकाला बंब आणि चूल, मधे धुण्याचा दगड आणि वर दोरीसाठी आकडे. पावसाळ्याचे चार महिने कपडे कुठे वाळत घालायचे, हा कोकणातल्या प्रत्येक बाईचा प्रश्न असतो, आणि आमच्या चारही नकाशांत त्याला जागा नव्हती, कारण नकाशे काढताना बाहेर नोव्हेंबरातले लख्ख ऊन होते. परसातल्या वाळवणासाठी आणि फुलांसाठी पायऱ्या आहेतच, त्यांना दोन्ही बाजूंना कठडा.

स्वयंपाकघराबद्दल मी बरेच वाचले. मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुविशारद बाईंनी १९२६ साली जर्मनीतल्या फ्रँकफुर्टच्या नव्या वसाहतींसाठी एक स्वयंपाकघर आखले होते, सुमारे १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब, ज्यात बाईची पावले मोजून प्रत्येक वस्तूची जागा ठरवली होती. ते वाचून मी भारावून गेले आणि आमच्या घरात तसेच आटोपशीर काही करावे असे म्हणू लागले. मग एक दिवस गणेश चतुर्थीची आठवण झाली. ते स्वयंपाकघर एका बाईसाठी होते. आमच्याकडे मोदकांच्या दिवशी दोघी ओट्याशी उभ्या, एक जाऊबाई खाली विळीवर नारळ खोवत बसलेल्या, आई पाटावर बसून पाऱ्या करणाऱ्या, आणि मुली मधून ये-जा करणाऱ्या असतात. विळी घेऊन बसलेल्या माणसाने किती जागा व्यापली ते मी मोजले : परातीसह तीन फूट बाय तीन फूट. एक ओटा आणि समोर फ्रिजची भिंत, अशा आजच्या साध्या स्वयंपाकघरात तिला बसायला जागाच नसते. आमचे स्वयंपाकघर ११ फूट बाय १५ फूट झाले, मधली फरशी मोकळी ठेवली, आणि माजघराच्या बाजूची भिंत अर्धी काढून तिथे माझे टेबल आले. ओट्याची उंची ३३ इंच माझ्यासाठी. खिडकीखालचा चार फुटांचा तुकडा २८ इंच, जिथे आई स्टुलावर बसून भाजी निवडतील.

माजघराचे माप ठरवताना सगळ्यांत जास्त भांडणे झाली. २०२३च्या गणपतीत जुन्या घरी ३१ माणसे झोपली होती. यजमानांना माजघर ३० फुटांचे हवे होते. मी म्हणत होते की पाच दिवसांच्या गर्दीसाठी उरलेले ३६० दिवस एवढी जागा झाडायची कोणी? बाईंनी माजघर २० फूट बाय १५ फूट ठेवले आणि माजघर व पडवी यांच्यामध्ये आठ फुटांचा, चार झडपांचा, घडी होणारा सागवानी दरवाजा सुचवला. एरवी दोनच झडपा उघडायच्या. आरतीला चारही उघडल्या की पडवीत उभ्या राहिलेल्यांनाही गणपती दिसतो. गणपतीची चौकी पूर्वेच्या भिंतीला, देवघराशेजारी. मखर किती खोल आहे ते आणि पुढे आरती घेऊन उभे राहायची जागा मोजून तेवढ्या भिंतीत खिडकी ठेवलेली नाही.

जिन्याने मला माझ्या विषयात नापास केले. घरच्या नकाशात मी त्याला सहा फूट बाय सहा फूट चौकोन दिला होता आणि त्यात नागमोडी रेघ काढली होती. प्रत्यक्षात एका मजल्याची उंची १० फूट ६ इंच, म्हणजे १२६ इंच. पायरीची उंची सात इंच धरली तर बरोबर १८ चढ होतात. पाय ठेवायला दहा इंच. दोन टप्पे केले तर प्रत्येकी नऊ चढ आणि त्यासाठी आठ पायऱ्यांची लांबी, म्हणजे ८० इंच, शिवाय वळणावर तीन फुटांचा चौथरा : एकूण ९ फूट ८ इंच लांबी आणि साडेसहा फूट रुंदी. माझ्या चौकोनात जिना अर्धाच मावत होता. मामांना १७ किंवा १९ चढ हवे होते. १७ केले तर प्रत्येक चढ जवळजवळ साडेसात इंचांचा होतो, १९ केले तर दोन्ही टप्पे असमान होतात. आईंनीच निकाल दिला, "मी वर जाणार नाही, तुम्ही मोजा आणि चढा." १८ राहिले. जिन्याखाली काय, या प्रश्नाला सगळ्यांनी एकदम उत्तर दिले नाही, आठ दिवसांनी मुलाने पुण्याहून फोनवर विचारले, "आंब्याची आढी कुठे लावणार?" तोवर कोणालाही ते सुचले नव्हते. जिन्याखालची हवेशीर, अंधारी जागा आंबे पिकवायच्या आढीला मिळाली.

वरच्या मजल्याबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. मुलांच्या दोन खोल्या, एक न्हाणीघर, कौलांचे छप्पर. पाहुण्यांची खोली गेली. क्षेत्रफळ २,२५० वरून १,८४० चौरस फुटांवर आले आणि बोळ फक्त न्हाणीघरांपुढचा चार फूट लांबीचा तुकडा उरला.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बाईंनी सुचवल्याप्रमाणे आम्ही तळमजल्याचा नकाशा जागेवर खऱ्या मापात फक्कीने आखला. गवंडी, त्यांचा मुलगा, यजमान आणि मी, दोऱ्या आणि खुंट्या घेऊन सकाळी सातला सुरुवात केली आणि दहापर्यंत जमिनीवर पांढऱ्या रेघांचे घर उभे राहिले. पाहणाऱ्या प्रत्येकाने एकच म्हटले, "एवढेच?" जमिनीवर आखलेले घर, वर आभाळ असल्यामुळे, नेहमीच लहान दिसते, हे गवंड्यांनी आधीच सांगून ठेवले होते, म्हणून आम्ही खचलो नाही. मग जुन्या घरातून खाट, खुर्च्या, जेवणाचे टेबल आणले आणि जागच्या जागी मांडले. आईंच्या खोलीचे दार उघडले की खाटेच्या पायाशी अडते, हे तिथे दिसले. रिकाम्या तांदळाच्या पोत्याचे दार करून लेकीने ते चार वेळा उघडून दाखवले. दार नऊ इंच सरकवले. मधल्या बोळातून दोघांनी खाट उचलून नेऊन पाहिली; तीन फुटांत वळेना, साडेतीन फूट केले. जाऊबाई भिंतीतून आरपार चालत आल्या, तेव्हा लेक ओरडली, "काकू, दारातून या!" आणि सगळे हसत सुटले. माझे टेबल मात्र मी दुपारपर्यंत सोडले नाही. तिथून खरोखरच गॅसची जागा दिसते.

चौथ्या दिवशी वळवाचा पाऊस आला आणि सगळ्या रेघा धुऊन गेल्या. त्या पावसाने एक गोष्ट शिकवली. रस्त्यावरचे पाणी उताराने थेट आमच्या पडवीकडे वाहत आले आणि चाकांच्या खुर्चीच्या उताराचा पायथा जिथे येणार होता तिथे साचले. नकाशात रस्त्याच्या कडेने दोन फूट रुंद चर आणि वर जाळीची फरशी वाढवली गेली.

शेवटचा, सही करायचा नकाशा मेअखेरीस आला. तो मोठा कागद माजघरात पसरून आम्ही सगळे भोवती बसलो. आईंना नकाशा वाचता येत नाही, असे आम्ही सात महिने गृहीत धरले होते. त्यांनी चष्मा लावला, बोटाने रस्ता शोधला, पडवीच्या कडेचा उतार शोधला, तुळस शोधली आणि बोट आपल्या खोलीत आणून ठेवले. खाट पश्चिमेच्या, कपाटांच्या भिंतीला काढलेली होती. "इथून रस्ता दिसेल," त्या म्हणाल्या, "पण निजल्यावर कोण आले ते कळायचे नाही. पाठ होईल." लेकीने पेन्सिलीने ती खाट खोडून समोरच्या भिंतीला काढली. आता दिव्याचे आणि पंख्याचे बटण उशाशी यायचे तर त्याची जागा बदलावी लागेल. बाईंना तसे कळवले आहे.